कोल्पोस्कोपी : भय आणि वस्तुस्थिति

१८८६ सालीं कोल्हापूर दरबारानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली. पुढच्याच वर्षीं त्या निवर्तल्या. स्त्रियांच्या ज्या संकोचावर उपाय म्हणून त्या वैद्यक शिकल्या, तो मात्र अद्याप पुरता गेलेला नाहीं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत हा संकोच जिवावर बेततो. या रोगाची पूर्वावस्था दुखत नाहीं, बहुधा वर्षानुवर्षें टिकते आणि त्या काळांत समूळ काढतां येते.

प्राथमिक चांचणींत दोष आढळला, कीं कोल्पोस्कोपी सुचवितात. हें कर्करोगाचें निदान नव्हे आणि शस्त्रक्रियाही नव्हे. १९२५ सालीं जर्मनींत हिन्सेलमान यांनीं सिद्ध केलेलें हें भिंगाचें यंत्र शरीराबाहेरच असतें; योनिमार्ग उघडा ठेवणारें साधन तेवढें आंत बसवितात. सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावलें, म्हणजे संशयित भाग पांढरा दिसतो. जरूर तर त्याचा कणभर तुकडा घेतात. बहुधा भूल लागत नाहीं. पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपतें. थोडी चुणचुण होते, तुकडा घेतांना चिमटा बसल्यासारखें वाटतें, पुढें कांहीं दिवस किंचित् रक्त जातें. रक्त फार गेलें किंवा ताप आला, तर डॉक्टरांना त्वरित दाखवावें.

पाळीचे दिवस शक्यतों टाळावेत. गरोदर असल्यास आधींच सांगावें. आणि तुकड्याचा निकाल डॉक्टरांनीं समजावून दिल्यावांचून तपासणी पुरी झाली, असें मानूं नये.