कॅलिफोर्नियात ज्येष्ठांसाठी मनाई आदेश

मुलांकडे कॅलिफोर्नियाला राहायला गेलेल्या आईवडिलांना ही तरतूद माहीत असायलाच हवी. वय 65 किंवा त्याहून अधिक असेल, अथवा 18 ते 64 वयात अपंगत्वामुळे स्वतःची काळजी घेता येत नसेल, तर छळ करणाऱ्याविरुद्ध न्यायालयाकडून मनाई आदेश मागता येतो. नागरिकत्वाची अट नाही.

छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे. पैसे लाटणे, औषधपाण्याकडे दुर्लक्ष करणे, आणि मुद्दाम एकटे पाडणे हासुद्धा छळच. टपाल हाती पडू न देणे, फोन घेऊ न देणे, भेटायला आलेल्याला ‘त्या घरी नाहीत’ असे खोटे सांगून परत पाठवणे हे सारे कायद्याने त्यात धरले आहे. भाषा परकी, गाडी चालवता येत नाही, अशा आजींसाठी हा भाग फार मोलाचा.

अर्ज ‘ईए-100’ नमुन्यात करायचा; फी नाही. तात्पुरत्या आदेशाचा निर्णय त्याच किंवा कामकाजाच्या पुढच्या दिवशी होतो, सुनावणी साधारण तीन आठवड्यांत. दुभाषी मोफत मिळतो. अंतिम आदेश 5 वर्षांपर्यंत चालतो आणि त्याची मुदत वाढवून घेता येते. तो मोडणे गुन्हा आहे.

एक अडचण मात्र आधीच लक्षात घ्यावी. घर एकट्या मुलाच्या नावावर असेल, तर न्यायालय त्याला या आदेशाने त्या घराबाहेर काढू शकत नाही. अशा वेळी अर्जाआधी दुसऱ्या निवाऱ्याची सोय पाहावी. काउंटीची प्रौढ संरक्षण सेवा त्यासाठी मदत करू शकते.