तिसाव्या दिवशीचं हसू

"अजून हसा, गाल वर जाऊ द्या." हनुवटी टेकवून बसलेल्या बाईंना मी सांगते आणि त्यांच्या डोळ्यांच्या बाहेरच्या कडेला उमटणाऱ्या सुरकुत्या निरखते. शेजारी नमुन्याची छायाचित्रं लावलेली आहेत: 0 म्हणजे सुरकुती नाही, 1 सौम्य, 2 मध्यम, 3 तीव्र. बोट्युलिनम टॉक्सिन टोचण्याआधी आणि तिसाव्या दिवशी, त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून हा आकडा लिहायचा.

टोचणं लवकर उरकतं. डोळ्याभोवतीच्या गोल स्नायूत प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी चार-चार युनिट, दोन्हीकडचे मिळून 24. औषध खाली गालाच्या स्नायूत उतरलं तर हसताना ओठाचा एक कोपरा नीट उचलला जात नाही, म्हणून जागा मात्र अचूक लागते. कस लागतो तो पाहण्यात. माणूस आज खुलून हसतो, महिन्याने कसनुसं हसतो. हसू अर्धवट असेल तर सुरकुत्याही कमीच पडतात आणि औषधाचा गुण नसताना आकडा खाली येतो. सावळ्या त्वचेवर डोळ्यांखालचा काळसरपणाही नजरेला चकवतो. म्हणून मी पुन्हा हसायला लावते, अगदी कंटाळा येईपर्यंत.

ही औषधाची चाचणी आहे, त्यामुळे कुणाला औषध दिलं आणि कुणाला प्लासिबो, हे मला कळता कामा नये. 100 युनिटच्या कुपीत भुकटीचा थर इतका पुसट असतो की कुपी रिकामीच वाटते. सलाइन घातलं की दोन्ही द्रव पाण्यासारखे नितळ.

या उपचाराची सुरुवातच एका रुग्णाच्या नजरेतून झाली. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्या आपोआप आवळल्या जाण्याच्या विकारावर हे औषध देत. 1987 साली एका रुग्ण बाईंनी भुवयांच्या मध्येही टोचायचा आग्रह धरला, कारण त्याने चेहरा निवांत दिसतो असं त्यांचं म्हणणं होतं. जीन आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती अलास्टर यांचा यावरचा निबंध 1992 साली आला. अमेरिकेत भुवयांमधल्या आठ्यांसाठी 2002 साली परवानगी मिळाली, डोळ्यांच्या कडांसाठी 2013 साली.

डोळ्यांच्या कडांच्या परवानगीसाठी झालेल्या चाचण्यांत डॉक्टरांच्या आकड्यासोबत रुग्णाचा स्वतःचा आकडाही धरला गेला, हे मला फार मोलाचं वाटतं. दोघांच्याही मोजणीत किमान दोन पायऱ्यांचा फरक हवा. सुरुवातीला मी आणि बाई, दोघींनी 3 लिहिलेलं असतं. महिन्याने मी 1 लिहिते, बाई आरशात बराच वेळ पाहून 2 लिहितात. मग तो उपचार यशस्वी धरला जात नाही, आणि मी त्यांचं मन वळवायला जात नाही.