टाकी फुल, तरी काटा रिकामाच! कारचं फ्युएल गेज नेमकं कुठे बिघडतं?

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ धाराशिव जिल्ह्यातून जातो. तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा अशी गावं मागे टाकत गाड्या बीडकडे निघतात. समजा, तुळजाभवानीचं दर्शन आटोपून रात्री निघालेली एक कार येडशीच्या पुढे आचके देत बंद पडली. काटा तर अर्ध्यावर आहे, पण टाकी कोरडी! पेट्रोल चोरीला गेलेलं नाही, पंपावरही फसवणूक झालेली नाही. खोटं बोलला तो काटा.

असं का होतं आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची?

काटा नेमकं काय मोजतो?

काटा लिटर मोजत नाही, तो टाकीतल्या इंधनाची उंची मोजतो. टाकीत एका दांडीला फ्लोट, म्हणजे तरंगणारा तुकडा, जोडलेला असतो. इंधन कमी झालं की फ्लोट खाली जातो आणि दांडीचं दुसरं टोक एका पट्टीवर घासत सरकतं. त्यामुळे विजेच्या प्रवाहाला होणारा रोध बदलतो आणि हा बदल वायरमधून डॅशबोर्डवरच्या मीटरपर्यंत पोहोचतो. टाकीतल्या या जोडणीला सेंडर युनिट म्हणतात.

म्हणूनच प्रत्येक चूक हा बिघाड नसतो. गाडी उतारावर उभी असेल तर आकडा थोडा चुकतो. टाकीचा आकार वेडावाकडा असल्याने पहिला अर्धा भाग सावकाश आणि उरलेला भराभर संपल्यासारखा वाटू शकतो. इंधन हिंदकळलं तरी काटा नाचू नये म्हणून तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो.

लक्षणावरून अंदाज

- काटा कायम एका टोकाला: वायर तुटलेली, शॉर्ट झालेली किंवा कनेक्टर सुटलेला असू शकतो.
- काटा मध्येच अडकतो: दांडी किंवा फ्लोट अडकल्याची शक्यता.
- काटा अचानक पडतो आणि पुन्हा वर येतो: पट्टी झिजलेली किंवा जोडणी सैल.
- टाकी फुल करूनही काटा वर येत नाही: फ्लोटला भोक पडून आत इंधन शिरलं असेल, तर तो तरंगतच नाही.
- तापमानाचा काटा आणि इतर दिवेही बंद: दोष टाकीत नसून फ्यूज किंवा मीटरमध्ये असू शकतो.

आधी स्वस्त, मग महाग

थेट मीटर बदलायची घाई करू नये. आधी फ्यूज पाहावा. मग टाकीजवळचा कनेक्टर आणि अर्थिंगची वायर तपासावी. अनेक गाड्यांत हा कनेक्टर मागच्या सीटखालच्या झाकणाखाली असतो. तिथे धूळ, ओल किंवा गंज साचला असेल, तर नुसत्या साफसफाईनेही काम होऊ शकतं.

यानंतर ऑटो इलेक्ट्रिशियन मल्टिमीटर लावून सेंडरचा रोध मोजतो. फ्लोट वर-खाली करताना आकडा सलग बदलला तर सेंडर ठीक. तो मध्येच तुटला किंवा उडाला तर दोष सापडला. नव्या गाड्यांत काट्याचा सिग्नल कॉम्प्युटरमधून जातो. तिथे वायर अर्थला टेकवून काटा हलतो का, हा जुना प्रयोग करू नये, स्कॅनर लावावा.

सेंडर बदलायचा तर टाकी उघडावी लागते. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगीही पुरते, त्यामुळे हे काम घरी करू नये. गॅरेजमध्ये टाकी शक्यतो रिकामी करून न्यावी, बॅटरीची वायर काढायला सांगावी आणि रबरी सील नवीनच बसवून घ्यावं. काही गाड्यांत सेंडर सुटा मिळतो, तर काहींत पंपासह पूर्ण युनिट घ्यावं लागतं. आधी विचारलं तर खर्च वाचू शकतो.

इंधनामुळेही बिघाड होतो?

होतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात जास्त गंधक असलेलं पेट्रोल विकलं गेलं आणि सेंडरचे चांदीयुक्त संपर्कबिंदू खराब झाल्याने अनेक गाड्यांचे काटे बिघडले. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आलं आणि गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आली.

दुरुस्ती होईपर्यंत काय करायचं?

ट्रिप मीटरवर भरवसा ठेवावा. टाकी फुल करून ट्रिप शून्य करावी. समजा, ४०० किलोमीटरनंतर टाकी पुन्हा फुल करायला २५ लिटर लागले, तर ॲव्हरेज १६. टाकी ३७ लिटरची असेल आणि ७ लिटर राखीव धरले, तर ३० लिटरमध्ये ४८० किलोमीटर होतात. पण घाट, एसी आणि गर्दीत ॲव्हरेज घटतं, म्हणून ४०० लाच पंप गाठावा. टाकी सतत तळाला नेऊ नये. पेट्रोल गाडीतला पंप टाकीतल्या इंधनामुळेच थंड राहतो.

इंधन कमी भरल्याचा संशय आला तर नुसत्या काट्यावरून भांडू नये. पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप असतं आणि त्यात मोजून दाखवा, असं ग्राहक म्हणू शकतो. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून जास्त कमी भरलं, तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

आणि एवढं करूनही गाडी महामार्गावर बंद पडलीच, तर ती कडेला घ्यावी, इंडिकेटर चालू ठेवावेत आणि राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या हेल्पलाइनला फोन करावा.