गोळी तीच, गुण वेगळा

संध्याकाळची लोकल ठाणे सोडते तोवर एक पापणी जड होते. डोंबिवलीला उतरताना समोरचा इंडिकेटर दोन-दोन दिसतो आणि रात्री पोळी चावता चावता जबडा दमतो. सकाळी मात्र सगळे ठाकठीक! ‘प्रवासाची दगदग’ म्हणून असे महिनोन्‌महिने सोडून दिले जाते. पण दिवस चढेल तसे स्नायू थकणे आणि विश्रांतीने सावरणे हे मायस्थेनिया ग्रेव्हिसचे लक्षण असू शकते. अमिताभ बच्चन यांच्यामुळे हे नाव आपल्याकडे १९८०च्या दशकात कानावर पडले.

नसेकडून स्नायूला असिटाइलकोलिन या रसायनातून निरोप जातो. या आजारात शरीराचीच प्रतिपिंडे निरोप घेणाऱ्या जागांवर हल्ला करतात. पायरिडोस्टिग्माइनची गोळी हे रसायन लवकर विघटित होऊ देत नाही. तिचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात दिसतो, तीन-चार तासांत ओसरतो; म्हणून गिळायला त्रास असेल तर ती जेवणाआधी घ्यायला सांगतात. याच जातीच्या औषधाचा गुण मेरी वॉकर यांनी १९३४मध्ये इंग्लंडमध्ये दाखवला होता. मूळ आजार मात्र या गोळीने हटत नाही. शिवाय ‘मस्क’ प्रकारची प्रतिपिंडे असलेल्यांना तिचा बहुधा फारसा उपयोग होत नाही. त्यांच्यात रिटुक्सिमॅब अधिक गुणकारी ठरते. म्हणून शेजाऱ्याचे प्रिस्क्रिप्शन इथे कामाचे नाही.

खरी गफलत स्टेरॉइडपाशी होते. सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत काहींचा अशक्तपणा उलट वाढतो. ‘औषध मानवले नाही’ म्हणून रुग्ण ते परस्पर बंद करतो. हे धोक्याचे आहे. अझाथायोप्रिनला तर गुण यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. इतका धीर धरायचा तर डॉक्टरांनी ते आधीच सांगायला हवे, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमके तेच राहून जाते.

दुसरा धोका कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये. जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, खोकल्यासाठी अझिथ्रोमायसिन आपण सहज मागतो. या रुग्णांमध्ये ही औषधे, तसेच काही बीटा-ब्लॉकर आणि शिरेतून दिलेले मॅग्नेशियम, अशक्तपणा एकाएकी वाढवू शकतात. टाळायच्या औषधांची चिठ्ठी रेल्वेच्या पासासोबतच ठेवावी आणि दाताच्या डॉक्टरांनाही दाखवावी.

श्वास अपुरा पडू लागला, आवाज नाकातून येऊ लागला किंवा पाणी गिळताना ठसका लागू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. व्हेंटिलेटरची सोय असलेले रुग्णालय तेव्हाच गाठावे. तिथे प्लाझ्मा बदलून किंवा शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देऊन बहुतेकांना काही दिवसांत उतार पडतो. तो काही आठवडेच टिकतो, त्यामुळे रोजच्या गोळ्या घरी आल्यावरही सुरूच राहतात.