मल्टिमीटर वाजला म्हणजे केबल बरोबर?

कारखान्यातल्या कंट्रोल नेटवर्कची कोॲक्सियल केबल बदलायची वेळ आली की एक समज हमखास आडवा येतो: बीएनसी कनेक्टर फिट बसला, मल्टिमीटर वाजला, झालं काम. रॉकवेलचं कंट्रोलनेट घ्या. सेकंदाला 5 मेगाबिट वेगाचं हे नेटवर्क 75 ओमच्या आरजी-6 केबलवर चालतं. जुन्या इथरनेटची आरजी-58 मात्र 50 ओमची. हे ओम तारेच्या रोधाचे नव्हेत, धावत्या सिग्नलला केबल जो अवरोध दाखवते त्याचे आहेत. मल्टिमीटरला ते दिसतच नाहीत, म्हणून त्याच्या लेखी दोन्ही केबली सारख्याच धडधाकट. या दोन केबली जिथं जोडल्या जातात त्या जोडावर हिशेब वेगळा होतो: अवरोधांतला फरक 25 भागिले त्यांची बेरीज 125, म्हणजे तिथं पोचलेल्या व्होल्टेजचा 20 टक्के भाग परत फिरतो.

‘दोन मीटरचा तुकडा टाकला, तरी चालतंय की,’ हा आक्षेप खोटा नाही. या वेगाला आखूड तुकडा पुष्कळदा निभावून जातो. इंच-दीड इंचाचा 50 ओमचा कनेक्टर तर विद्युतदृष्ट्या फारसा जाणवतही नाही. त्याची अडचण आहे ती मापाची. आरजी-6च्या क्वाड शील्ड प्रकारात दोन फॉइल आणि दोन जाळ्या असतात, त्यामुळे ती टीव्हीच्या साध्या आरजी-6पेक्षा जाड भरते. दुसऱ्या मापाचा कनेक्टर क्रिंप केला तर जाळीवरची पकड सैल राहते आणि यंत्रांच्या थरथरीत संपर्क येतो-जातो. शिवाय ‘निभावणं’ लाइन किती भरली आहे त्यावर ठरतं. लाइनवर दोन टॅप, म्हणजे यंत्र जोडायचे दोन सांधे, असतील तर एक सेगमेंट 1000 मीटर जाऊ शकतो. पुढच्या प्रत्येक टॅपमागं 16.3 मीटर कमी होतात आणि 48 टॅपांवर जेमतेम 250 उरतात. आखूड लाइनवर खपलेला जुगाड या मर्यादेपाशी अधूनमधून एखादा नोड, म्हणजे जोडलेलं यंत्र, नेटवर्कबाहेर पाडतो, आणि दोष मात्र पीएलसीच्या कार्डावर येतो!

सर्वांत चिवट समज अर्थिंगचा: शील्ड जितक्या ठिकाणी अर्थ करू तितकं बरं. कंट्रोलनेटमध्ये शील्ड मुद्दाम पॅनेलपासून अलग ठेवतात, कारण दोन पॅनेलांच्या अर्थमध्ये फरक असला की प्रवाह शील्डमधूनच वाट काढतो. म्हणून टॅपचा उघडा धातू पत्र्याला टेकता कामा नये. यंत्र काढल्यावर मोकळा राहिलेला टॅपही तसाच न लोंबवता त्यावर डमी लोड चढवावा.