लाँग राईडवर हाताला मुंग्या का येतात?

पहाटे पुण्याहून निघायचं आणि आंबोली घाट उतरून गोवा गाठायचं, हा अनेक बाईकवाल्यांचा ठरलेला बेत. पण दोन-तीन तास झाले की उजव्या हाताला मुंग्या यायला लागतात. मग टोलनाक्यापाशी हात झटकायचा, बोटं मोडायची आणि पुन्हा निघायचं. बहुतेक जण हे अंगावर काढतात. पण पुढचा ब्रेक दाबायचा असतो तो याच बधीर बोटांनी. ताशी 60 किमी वेगात बाईक एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. बोटं अर्धा सेकंद उशिरा वळली, तर आठ मीटर तिथेच गेले.

मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात, ते आधी बघा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधीर होत असेल, तर बहुतेकदा मिडियन नर्व्ह दबत असते. ही नस मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते. त्याला कार्पल टनेल म्हणतात. अॅक्सिलेटर पिळून धरताना मनगट वाकलेलं राहिलं की या बोगद्यातला दाब वाढतो. त्रास करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला असेल, तर संशय अल्नर नर्व्हवर घ्यायचा. शरीराचा भार तळहातांवर टाकून पुढे झुकून बसणाऱ्यांना हे जास्त होतं.

यात भर पडते घट्ट पकडीची. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातला रक्तप्रवाह कमी होतो आणि तो लवकर थकतो. अॅक्सिलेटरला स्प्रिंग असते, त्यामुळे उजव्या हाताला सुट्टी नाहीच. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक बाईक सिंगल सिलिंडर, त्यामुळे थरथर आलीच. गंमत म्हणजे थरथर वाढली की आपण हँडल आणखी आवळतो आणि जितकं आवळू तितकी ती हातात जास्त उतरते. ठरावीक वेगालाच हँडल झिणझिणत असेल, तर वेग थोडा कमी-जास्त करून बघा, बराच फरक पडतो.

खरा उपाय मात्र हातात नाही, मांड्यांत आणि कंबरेत आहे. गुडघ्यांनी टाकी धरा, पोटाच्या स्नायूंवर अंग तोला आणि कोपरं थोडी वाकलेली ठेवा. बरोबर बसलोय का हे तपासायचं असेल, तर मोकळ्या रस्त्यावर हँडल न सोडता कोपरं पंखांसारखी हलवून बघा. सहज हलली तर ठीक. नाही हलली, तर तुम्ही हँडलला लटकून बसलाय.

दुसरं काम गॅरेजमधलं, पाच-दहा मिनिटांचं. बोटं लिव्हरवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष यायला हवी. मनगट वर मोडत असेल, तर क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन थोडा खाली करून घ्या. शोरूममधून आलेल्या सेटिंगला आपण वर्षानुवर्षं हात लावत नाही, पण ती काही तुमच्या उंचीच्या मापाने केलेली नसते. डावा हात दुखत असेल, तर क्लच केबल बघा. कोरडी किंवा झिजलेली केबल प्रत्येक वेळी जास्त जोर मागते आणि घाटात हा हिशोब शेकड्यात जातो.

फोमच्या ग्रिप थरथर कमी करतात, पण पंजा लहान असेल तर जाड ग्रिप धरायलाच जास्त ताकद लागते. ग्लोव्ह्ज घट्ट असतील तर नसलेले बरे, असं म्हणायचा मोह होतो, पण पडल्यावर तळहात वाचवतात तेच. त्यामुळे योग्य मापाचे घ्या. अॅक्सिलेटरवर बसवायची तळहाताची पट्टी हायवेवर आराम देते. गर्दीत मात्र ती काढा, तळव्याचा चुकून धक्का लागला तरी बाईक उसळते.

तासा-दीड तासाने थांबून मुठी उघड-मीट करा. गाडी बंद केल्यावर काही मिनिटांत मुंग्या गेल्या, तर फारशी काळजी नको. पण रात्री झोपेतून जाग येत असेल, हातातून वस्तू पडत असतील किंवा आधीच डायबिटीस वा थायरॉईड असेल, तर डॉक्टरांना दाखवा. नस बराच काळ दबून राहिली, तर बोटांची ताकद पूर्णपणे परत येईलच असं नाही.