उकळतं पाणी, बर्फ आणि आठ तारा

विद्युतदाब दुप्पट केला की विद्युतधारा दुप्पट. रोध दुप्पट केला की धारा निम्मी. शाळेतली पोरंसुद्धा हे घडाघडा सांगतात. पण 1825 साली हे कोणीच ठामपणे सांगू शकत नव्हतं. व्होल्टाची बॅटरी वापरता वापरताच मलूल होई. मग धारा घटली ती तार लांब केली म्हणून, की बॅटरी दमली म्हणून, हे कळणार कसं?

जर्मनीतल्या कोलोन शहरात शिकवणाऱ्या जॉर्ज ओहमने (बाप कुलपं बनवणारा, त्यामुळे हातात कसब होतंच) बॅटरीच बाजूला ठेवली. तांबं आणि बिस्मथ हे दोन धातू जोडले, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. तापमानातल्या फरकामुळे दाब तयार होतो. अगदी थोडा, पण पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर स्थिर!

मग 1826 मध्ये त्याने सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड 2 इंचांची, सर्वांत लांब 130 इंचांची. एकेक तार जोडायची आणि टांगलेल्या चुंबकसूचीवरून धारा मोजायची.

तार दुप्पट झाली, तरी धारा नेमकी निम्मी होईना. दर वेळी निम्म्याहून थोडी जास्तच. दुसऱ्या कोणी ही मोजमापातली चूक म्हणून सोडून दिली असती. ओहमला दिसलं की प्रत्येक तारेच्या लांबीत एकच ठरावीक आकडा मिळवला, की हिशेब चोख बसतो. तो आकडा म्हणजे परिपथाच्या उरलेल्या भागाचा, खुद्द दाब देणाऱ्या जोडणीचाही रोध. पुढे त्याने तापमानातला फरक कमी केला. धारा घसरली, आकडा मात्र जागचा हलला नाही. दाब वेगळा आणि रोध वेगळा, हे इतक्या स्वच्छपणे समोर येताना पाहून मी आजही थक्क होतो.

ओहमचा तो आकडा आपल्या घरातही आहे. जुन्या सेलला मीटर लावा, दीड व्होल्टपेक्षा थोडंच कमी दाखवेल. तोच सेल टॉर्चमध्ये घातला की बल्ब मिणमिणतो. मीटर जवळजवळ धारा घेतच नाही. बल्ब मात्र घेतो, आणि मग सेलच्या आतला वाढलेला रोध दाबातला मोठा वाटा स्वतःच खातो. पाण्याचा पंप सुरू होताना दिवे क्षणभर मंदावतात तेही यामुळेच. सुरू होताना मोटर भरमसाट धारा ओढते आणि खांबापासून घरापर्यंतच्या तारा तेवढ्यापुरता आपला वाटा वाढवून घेतात.